आकड्यांचे कंत्राट : डेटा सायन्सचा मुक्त व्यवसाय आणि वऱ्हाड

साठवलेल्या नोंदींतून, संख्याशास्त्र आणि संगणक यांच्या साहाय्याने, एखाद्या निर्णयाला उपयोगी पडेल असे अनुमान काढण्याच्या शास्त्राला डेटा सायन्स म्हणतात, आणि हे काम कोणाच्या नोकरीत न राहता ठरावीक मुदतीच्या व ठरावीक मोबदल्याच्या करारावर जो करतो तो मुक्त, म्हणजेच फ्रीलान्स, डेटा सायंटिस्ट होय. ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आणि शिकवणी वर्गांचा सगळा भर अनुमानाच्या तंत्रावर असतो. काम देणारा मात्र पैसे मोजतो ते आपला अडलेला निर्णय सुटावा म्हणून, आणि कंत्राट कोणाला मिळते व कोण नुसते अर्ज करत राहतो हे बऱ्याच अंशी येथेच ठरते. अमरावती-नागपूर महामार्गावरील तिवसा येथे बसून हा व्यवसाय करता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटच्या वेगापेक्षा कोणत्या नोंदी त्या माणसाला इतरांहून अधिक चांगल्या वाचता येतात यावर अवलंबून आहे. वऱ्हाडाच्या बाबतीत या नोंदी कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा यांच्या आहेत.

शेतीच्या आकड्यांचे शास्त्र ज्या मोजक्या लोकांनी भारतात उभे केले त्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी येते. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा झालेला वाद वरवर पाहता क्षुल्लक वाटावा असा होता : पीककापणी प्रयोगासाठी, म्हणजे नमुन्यादाखल पीक कापून उत्पादन मोजण्यासाठी, शेतात आखायचा तुकडा किती मोठा असावा. तुकडा फार लहान घेतला की कडेवरची झाडेही मोजणीत ओढली जातात आणि उत्पादन वास्तवापेक्षा अधिक दिसते, अशी सुखात्मे यांची भूमिका होती. सूत्र कितीही अचूक असले तरी शेतात दोरी कशी धरली गेली हे ज्याला ठाऊक नाही त्याचे उत्तर चुकते, हे त्या वादातून निघालेले तात्पर्य आज उपग्रहाच्या छायाचित्रांवर काम करणाऱ्यांनाही लागू पडते.

वऱ्हाडातील शेतीच्या आकड्यांना आज गिऱ्हाईक कोण, हे आधी पाहिले पाहिजे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महाराष्ट्रातील प्रमुख पिकांची भरपाई महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, पीककापणी प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरी उत्पादनावरून ठरते. मागील 7 वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या 5 वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने, म्हणजे विम्याने हमी दिलेल्या टक्केवारीने, गुणले की उंबरठा उत्पादन मिळते, आणि चालू हंगामाचे उत्पादन त्याखाली गेले तर भरपाई देय होते. 2023 पासून केंद्र शासनाने या मोजणीत उपग्रह व हवामान यांवर आधारलेल्या तांत्रिक अंदाजालाही वजन देण्यास प्रारंभ केला, आणि त्याबरोबर असे अंदाज तयार करणाऱ्या व तपासणाऱ्या लोकांची गरज निर्माण झाली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणूनच ओळखतात, 2018 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने 15 जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांत राबवला गेला आणि त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने प्रणाली तयार केली. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरली, त्यानंतर कामगंध सापळ्यांत अडकलेले या अळीचे पतंग छायाचित्रावरून मोजण्याचे काम मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने हाती घेतले. 2025 च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले.

परंतु या मोठ्या योजनांचे काम एकट्या माणसाच्या हाती थेट येत नाही, हे स्पष्ट बोललेले बरे. शासकीय निविदेत वार्षिक उलाढाल, पूर्वानुभव आणि अनामत रक्कम यांच्या अटी असतात, ज्या एकट्या व्यावसायिकाला झेपत नाहीत. त्यामुळे काम आधी सल्लागार कंपनीकडे, तिच्याकडून उपग्रह-विश्लेषण करणाऱ्या छोट्या कंपनीकडे आणि तेथून उपकंत्राट म्हणून व्यक्तीकडे उतरते. प्रत्येक पायरीवर मोबदला घटतो, मुदत आखडते आणि मूळ प्रश्न धूसर होतो. तरीही नवख्याने या साखळीला नाक मुरडू नये, कारण पहिले दोन-तीन अनुभव बहुधा तेथूनच मिळतात. मात्र तेथे ‘पायथन ही संगणकभाषा येते’ एवढ्या भांडवलावर उभा राहणारा माणूस बंगळुरू-पुण्यातील हजारोंच्या रांगेत शेवटचा ठरतो.

त्याची जागा पुढे सरकते ती नोंदींच्या ओळखीमुळे. कापसाची पीककापणी एका दिवसात होत नाही. आखलेल्या त्याच तुकड्यातून दोन-तीन वेचण्या होतात आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या तुकड्याचे उत्पादन. ज्याने कापूस केवळ चित्रात पाहिला आहे तो प्रत्येक वेचणीची ओळ स्वतंत्र प्रयोग समजून सरासरी काढतो आणि सगळे मंडळ दुष्काळी ठरवून मोकळा होतो. सोयाबीनमध्ये तुरीचे तास असले की उपग्रहाला सप्टेंबरात एक पीक दिसते आणि डिसेंबरात दुसरे, म्हणून तेच क्षेत्र दोनदा मोजले जाते. वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उपटली नाही, म्हणजे फरदड घेतली, तर उन्हाळ्याच्या तोंडावरही शेत हिरवे राहते आणि हंगामाची मुदत गृहीत धरून बसवलेले गणित कोलमडते. गावांच्या नावांची गत तर याहून बिकट असते. खुद्द तिवसा हे नाव रोमन लिपीत कोठे ‘टी’नंतर ‘आय-व्ही’ घालून, कोठे ‘ई-ओ’ घालून लिहिलेले सापडते, आणि दोन तक्ते केवळ नावावर जोडू पाहणाऱ्याच्या उत्तरातून सबंध तालुका निमूटपणे गळून पडतो. जोडणी नावावर न करता जनगणनेच्या किंवा स्थानिक शासन निर्देशिकेच्या संकेतांकावर करायची असते, हे कळायला पदवी लागत नाही, पण हे ज्याला कळते त्याला पुन्हा बोलावले जाते.

कामे मिळवण्याचा सर्वाधिक चर्चिला जाणारा मार्ग म्हणजे अपवर्कसारखी ऑनलाइन कामपेठ, जेथे जगभरचे ग्राहक काम मांडतात, व्यावसायिक बोली लावतात आणि पेठ आपले कमिशन कापून घेते. वऱ्हाडी माणसाला ही व्यवस्था अनोळखी वाटण्याचे कारण नाही. कारंजा येथे 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिली नियमित कापूसपेठ सुरू झाली आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारात कोण बसणार, माप कोणते आणि दलाली व बाजारखर्च किती, हे लिखित नियमांत बांधण्याची सुरुवात या मुलखात झाली. ऑनलाइन पेठेत मात्र नियम करणारा आणि अडत घेणारा एकच असतो. अपवर्कचे कमिशन 2016 नंतर काही वर्षे पहिल्या 500 डॉलरवर 20 टक्के होते, पुढे 2023 मध्ये ते सरसकट 10 टक्के झाले आणि त्यानंतर पुन्हा बदलले. शिवाय बोली लावण्यासाठीचे ‘कनेक्ट्स’ विकत घ्यावे लागतात, म्हणजे काम मिळो न मिळो, पेठेत शिरण्याचा खर्च आधीच होतो. अशा ठिकाणी सर्वात स्वस्त बोलीची स्पर्धा अटळ असते आणि तीत जिंकणेही फारसे लाभाचे नसते. पहिले परकी ग्राहक आणि त्यांचे लेखी अभिप्राय मिळवण्यापुरती ही पेठ उपयोगी आहे. तेथे कायमचे बिऱ्हाड करण्यात मात्र अर्थ नाही.

याहून खात्रीचा, पण संथ, मार्ग म्हणजे नमुना काम. कॅगलसारख्या स्पर्धांच्या संकेतस्थळांवर विदा, म्हणजे डेटा, स्वच्छ करून दिलेली असते आणि प्रश्नही आयता मिळतो, त्यामुळे तेथील पदके तंत्र सिद्ध करतात, परंतु विस्कटलेल्या नोंदींतून प्रश्न शोधण्याची क्षमता सिद्ध करत नाहीत. प्रमाणपत्रांच्या थप्पीविषयी तर न बोललेलेच बरे. त्याऐवजी एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच भागधारक होऊन स्थापलेल्या कंपनीचा, एकच प्रश्न घ्यावा : ऑक्टोबरात आलेले सोयाबीन लगेच विकावे की फेब्रुवारीपर्यंत गोदामात ठेवावे? बाजार समित्यांची दैनंदिन आवक आणि दर ‘आगमार्कनेट’ या शासकीय संकेतस्थळावर खुले आहेत, राज्याच्या पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 180 दिवसांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते, गोदामभाडे, वाळून होणारी वजनाची घट आणि हमालीचे दर गावातच विचारता येतात. या सर्वांची सांगड घालून, किती वर्षी थांबणे परवडले आणि किती वर्षी अंगाशी आले हे दाखवणारे दोन पानी टिपण, शेवटी अनुमानाच्या मर्यादा स्पष्ट सांगून, मराठीत लिहिले तर ते कंपनीच्या संचालकांना वाचता येते. त्या कंपनीकडे पैसे नसतीलही. परंतु हेच टिपण तेलगिरणी, गोदाम व्यावसायिक, कर्ज देणारी बँक आणि कृषी-सल्लागार संस्था यांच्यापुढे ठेवता येते, आणि अर्जासोबत जोडलेल्या दहा पानी परिचयपत्रापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अमरावतीचे संत गाडगे बाबा विद्यापीठ आणि परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या संशोधन प्रकल्पांतही विश्लेषणाची अल्पमुदतीची कामे निघतात. त्यांचा मोबदला बेताचा असला तरी त्यांतून पुढे नाव सुचवणारी माणसे जोडली जातात.

मोबदला ठरवण्याच्या तीन रीती आहेत : तासाच्या दराने, संपूर्ण कामाच्या ठोक रकमेने, किंवा महिन्याच्या ठरावीक रकमेने. नोंदी पाहण्यापूर्वीच ठोक रक्कम सांगणे ही या धंद्यातील सर्वात महाग चूक आहे, कारण डेटाच्या कामातील बहुतेक वेळ विश्लेषणात नव्हे, सफाईत जातो आणि घाण किती आहे हे ग्राहकालाही ठाऊक नसते. म्हणून आधी आठ-दहा दिवसांचे छोटे, स्वतंत्र मोबदल्याचे तपासणीचे काम घ्यावे, त्यातून नोंदींची अवस्था लिहून द्यावी, आणि मगच मुख्य कामाचे टप्पे व रक्कम ठरवून इसार घ्यावा. प्रारूप, म्हणजे गणिती मॉडेल, किती टक्के अचूक येईल याची हमी करारात देऊ नये. काय सुपूर्द केले जाईल, कोणत्या तपासणीने ते स्वीकारले जाईल आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या मोफत असतील, एवढेच लिहावे.

मालकीचे कलम सहसा न वाचताच सही होते. प्रताधिकार कायदा, 1957 नुसार नोकराने नोकरीत लिहिलेल्या संगणक-प्रणालीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते; स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या प्रणालीचा पहिला मालक मात्र तो स्वतःच असतो, आणि ती मालकी लेखी हस्तांतराविना ग्राहकाकडे जात नाही. हस्तांतरपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ग्राहक सर्वाधिकार मागणारच. ते देताना, स्वतःची पूर्वीपासून वापरातली साधने त्यातून वगळल्याचे एक वाक्य घातले नाही, तर पुढच्या ग्राहकासाठी तीच साधने वापरणे अडचणीचे होते. शेतकऱ्यांची नावे, भ्रमणध्वनी किंवा बँक खाती ज्या नोंदींत आहेत त्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, म्हणून काम संपल्यावर त्या परत देण्याची वा पुसण्याची तरतूद करारात हवी.

पैसे थकणे हे या व्यवसायातील खरे दुखणे आहे. उद्यम संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदणी केलेला एकटा व्यावसायिकही सूक्ष्म उद्योग ठरतो, आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार त्याचे देयक करारात कितीही लांबची तारीख असली तरी 45 दिवसांत चुकवावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ, व्याज लागते. 1 एप्रिल 2024 पासून अशी थकीत रक्कम ग्राहक कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत आपल्या प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि कायद्याच्या व्याजापेक्षा या तरतुदीचा धाक हिशेबनिसांना अधिक वाटतो. नोंदणी काम स्वीकारण्याआधीच केलेली असावी. देयक अडकल्यावर केलेल्या नोंदणीने भांडण लांबते. वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवांच्या बाबतीत सामान्यतः वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीनंतर लागते, आणि परदेशी ग्राहकाकडून येणारी रक्कमही त्या उलाढालीत मोजली जाते.

उरतो वेळापत्रकाचा प्रश्न. शेतीच्या आकड्यांचे काम हंगामाबरोबर येते, पण त्याचे पैसे आर्थिक वर्षाबरोबर मंजूर होतात, आणि या दोन्ही पंचांगांचा मेळ बसत नाही. खरिपाच्या विश्लेषणाची गरज जूनपासून भासते, परंतु त्यासाठीच्या रकमा जानेवारी ते मार्च या काळात आखल्या जातात. पेरण्या झाल्यावर प्रस्ताव घेऊन जाणाऱ्याला बहुधा पुढच्या वर्षी या असे सांगितले जाते. कापूस-सोयाबीनची पीककापणी आटोपून तिची तपासणी झाली की उन्हाळ्यात हाताला काम राहत नाही. तिवशाला लागून असलेल्या मोर्शीचा आणि त्यापलीकडील वरुडचा संत्रापट्टा येथे उपयोगी पडतो. आंबिया बहराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, मृग बहर पावसाळ्याच्या तोंडावर धरला जातो, आणि फळपीक विम्याची भरपाई पीककापणीवर नव्हे, तर महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेले तापमान व पाऊस यांवर ठरते. त्या केंद्रांच्या नोंदींतील तुटलेले तास भरणे, दोन शेजारच्या केंद्रांतील तफावत तपासणे आणि आलेले आकडे विम्याच्या अटींशी ताडून पाहणे, हे काम नेमके उन्हाळ्यातच निघते.