सांध्यांतले खबरे



मी सॉफ्टवेअर इंजिनियर. सेन्सरकडून आलेली माहिती वाचणं माझ्या ओळखीचं. पण त्यांच्याहून जुने सेन्सर आपल्या सांध्यांत आहेत, आज त्यांच्याबद्दल बोलते.

१९६७ साली फ्रीमन आणि वाइक यांनी मांजराचा गुडघा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि मज्जातंतूंच्या टोकांचे चार प्रकार मांडले. सांध्याभोवतीच्या पिशवीच्या बाहेरच्या थरात रुफिनीसारखी, झुडपागत फांद्या फुटलेली टोकं असतात. ताण असेपर्यंत ती खबर देत राहतात. आतल्या थरात पाचिनीसारखी, कांद्यागत पापुद्रे असलेली. हालचाल सुरू झाली वा बदलली की बोलतात, मग गप्प. लिगामेंटमध्ये गॉल्जीसारखी; ती जास्त ताण आल्यावरच जागी होतात. चौथी उघडी, आवरण नसलेली. वेदनेची खबर त्यांची. कूर्चेत मात्र एकही टोक नाही. म्हणून कूर्चा झिजू लागली तरी ती स्वतः तक्रार करत नाही.

पाचिनींना ती कांद्यासारखी टोकं प्रथम दिसली १८३१ साली, हाताचं विच्छेदन करताना. तेव्हा ते विद्यार्थी होते! आपल्या सरांना हे ऐकून बरं वाटेल.

आता कामाची गोष्ट. घोटा मुरगळला की लिगामेंटबरोबर ही टोकंही दुखावतात, म्हणून पाऊल पुन्हा पुन्हा दगा देतं, असं फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडलं. डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव केलेल्या रुग्णांत हा त्रास कमी आढळला. पुढे १९७२ साली दिसलं की कंडरेला कंप दिला, तर न हललेला हातही हलल्यासारखा वाटतो. म्हणजे हात-पाय कुठे आहेत हे कळण्यात स्नायूंचा वाटा मोठा. सांधा एकटा नाही. त्वचा, डोळे, कान सगळेच मदतीला असतात.

माझ्या क्षेत्रात सेन्सर बिघडला तर बदलतात. इथे सुटा भाग मिळत नाही. पण उरलेल्या खबऱ्यांकडून काम करून घ्यायला मेंदू शिकतो, आणि ते सरावानेच.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्या माझ्या सोबत्यांनो, सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं समजू नका. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला तोलाचा व्यायाम पुरा करा. आणि सर, बाई, तुम्ही तो भक्कम खुर्चीला धरून, कुणाला तरी जवळ उभं करूनच करा. पुढच्या मेळाव्याला तुम्ही आपल्या पायांनी जिना चढून यावं, एवढीच इच्छा.