सोसायटीचे काम आणि तयार सॉफ्टवेअर

तयार सॉफ्टवेअर संस्थेच्या कामाला जुळते की नाही, हे विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात कळत नाही; ते ३१ मार्चच्या वसुलीत कळते. देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणण्याची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केली. या योजनेतल्या सोसायटीपुढे कोणते पॅकेज घ्यावे हा प्रश्नच उरत नाही. आलेले पॅकेज आणि गावचे काम यांत अंतर कुठे पडते, एवढेच शोधायचे असते.

अंतर शोधायला संगणक लागत नाही. एका सभासदाचे पीककर्ज अर्जापासून फेडीपर्यंत कागदावर मांडले की पुरे: कमाल मर्यादा पत्रक, सातबाऱ्यावरचा बोजा, जिल्हा बँकेची रक्कम, वसुली. खरी मेख व्याजात आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्के पडते. पण हे शून्य केंद्र आणि राज्य यांच्या वेगवेगळ्या सवलतींतून तयार होते. व्याजदराच्या रकान्यात नुसते शून्य भरले, तर सभासदाचे खाते बरोबर दिसते आणि संस्थेचे शासनाकडील येणे मात्र कुठेच दिसत नाही. मुदत चुकली की हिशेब आणखी बिघडतो.

अंतर सापडले की सेटिंग बदलता येते, कामाची रीत बदलता येते, नाहीतर प्रोग्रॅमच बदलून घ्यावा लागतो. हे शेवटचे महाग पडते, कारण पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तो बदल पुन्हा तपासावा लागतो. जर्मनीच्या लिडल या दुकानसाखळीने साठ्याचे मूल्य खरेदी किमतीवर धरण्याची रीत सोडली नाही. तिने घेतलेले सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे पॅकेज विक्री किमतीवर चालणारे, म्हणून ते बदलून घ्यावे लागले. सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. सोसायटीने हट्ट धरावा तो कायद्याच्या बाबींत. पावतीचा नमुना, रकान्यांचा क्रम या नुसत्या सवयी. त्या सोडलेल्या बऱ्या.

सर्वांत जास्त वेळ जुनी माहिती भरण्यात जातो, आणि तिथे दोष पॅकेजचा नसतो. भाग वडिलांच्या नावावर, कर्ज मुलाच्या नावावर, वडील हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही, असे खाते वहीत खपून जाते. सॉफ्टवेअर तिथे दोन सभासद धरते. सभासदनिहाय बाकीची बेरीज खतावणीशी जुळल्याशिवाय सुरुवातीची शिल्लक चढवू नये. काही काळ वही आणि संगणक दोन्ही चालवावे लागतात. कपाशी-सोयाबीनच्या पेरणीआधी, कर्जवाटपाच्या धांदलीत हे काढले तर दोन्हीकडे चुका होतात. वाटप आटोपल्यानंतरचे महिने त्याला सोयीचे.