शहीद जननी



पूर्व बंगालच्या लोकांनी १९५२ साली ढाक्यात मातृभाषेसाठी रक्त सांडले आणि १९७१ साली बांगला देश स्वतंत्र केला. त्या लढ्यात जहानारा इमाम यांचा थोरला मुलगा रुमी आईची संमती घेऊन मुक्तिवाहिनीत गेला. ऑगस्टमध्ये पाकिस्तानी लष्कराने त्याला धरून नेले. तो परत आला नाही. विजयाच्या ऐन तोंडावर पतीही वारले. पण जहानाराबाई रडत बसल्या नाहीत. त्या दिवसांची रोजनिशी त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. १९९२ साली कर्करोग सोसत, युद्धातील अपराध्यांविरुद्ध ढाक्यात लोकन्यायालय भरविले. भगिनींनो, स्वातंत्र्य लढून मिळते, पण त्याची आठवण आयांनाच जपावी लागते.