चिखलातल्या फायली
(महाड-पोलादपूर भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



22 जुलै 2021 ची रात्र तुम्हाला सांगायला नको. महाबळेश्वरचा पाऊस घेऊन सावित्री खाली आली, गांधारीही फुगली, आणि महाडच्या बाजारपेठेत पुरुषभर पाणी चढलं. (मापालासुद्धा पुरुषच लागतो!) त्याच दिवशी तळियेत ऐंशीहून अधिक माणसं दरडीखाली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. अशा वेळी संगणकाचं रडगाणं कुठं गायचं? म्हणून आम्ही गप्प राहिलो. पण त्या संगणकात बायकांचे जबाब होते, मारहाणीच्या खुणांचे फोटो होते, पोटगीचे हिशेब होते. कितीजणींनी ते वर्षानुवर्षं मनात दाबून मग आमच्यापाशी सांगितलेलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही सीपीयू धुतला आणि उन्हात ठेवला. दोन दिवसांनी ओळखीच्या मुलाला म्हटलं, बघ रे, चालू होतो का. त्यानं बटण दाबलं, आतून कर्र आवाज आला. त्याला काय बोलणार? सांगितलं आम्हीच होतं.

नंतर समजलं ते असं. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. माहिती वाचणारं टोक तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीचा हजारावा भागही नसेल इतक्या अंतरावरून फिरतं. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पुराचं पाणी आत शिरतं आणि गाळही शिरतो. वाळला की तो तबकडीला चिकटून बसतो. मग डिस्क फिरवली की टोक खरवडत जातं, आणि खरवडला गेलेला थर कुणीच परत आणू शकत नाही.

म्हणून भिजलेली डिस्क चालू करायची नाही. उन्हात, तांदळात किंवा केस वाळवायच्या यंत्रानं सुकवायची नाही, स्क्रूही उघडायचे नाहीत. ओलसरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेत लवकरात लवकर पोचवायची. तिथं धूळविरहित खोलीत डिस्क उघडून तबकड्या साफ करतात, गरज पडल्यास तशाच दुसऱ्या डिस्कची टोकं बसवतात आणि आधी सगळ्या डिस्कची नक्कल काढतात. फायली शोधायच्या त्या नकलेत. चुकून पुसलेली फाईल सॉफ्टवेअरनं परत येऊ शकते, पण डिस्क धड असेल तरच.

आता आमची खरी अडचण. नक्कल निघते ती सगळ्या डिस्कची. हिची फाईल वगळा, तिची घ्या, असं होत नाही. मग प्रयोगशाळेतल्या टेबलापाशी कोण बसणार? कुणाचा कोण पाव्हणा निघेल, सांगता येत नाही. आम्ही ज्या बायकांपर्यंत पोचू शकलो त्यांना विचारलं. पोलादपूरकडची एकजण म्हणाली, "ताई, तोंडानं परत सांगीन मी. पण ते फोटो परक्या माणसानं बघायचे न्हाईत." आमच्यातल्याच काहीजणींचं म्हणणं, केस तिच्या भल्याची आहे, विचारायचं कशाला? मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. तिनं आठवडाभर विचार केला आणि अट घातली, फायली उघडताना तुमच्यातली बाई तिथं पाहिजे. आम्ही ते लिहून घेतलं. काम झाल्यावर त्यांच्याकडची नक्कल पुसायची आणि जुनी डिस्क परत द्यायची, हेही लिहून घेतलं.

निम्म्याहून कमी फायली आल्या. तिचा एकच फोटो आला, तोही वरचा अर्धा. खाली नुसता करडा पट्टा.

मग आम्ही कागदांमागे लागलो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, त्याची प्रत पोलीस ठाण्यालाही जाते. कोर्टाच्या आदेशाची प्रत बाईला विनामूल्य मिळते, कलम 24 बघा. तिची केस उभी राहिली ती या अहवालावर आणि सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर.

बाईच्या मोबाईलमध्ये मूळ फोटो असेल तर तो मोबाईल विकू देऊ नका. मूळ साधन कोर्टापुढे आणता येत नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये खोतकर-गोरंट्याल या आपल्या जालन्याच्याच निवडणूक खटल्यात पक्कं केलं. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम 65ब होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे आणि प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. तेव्हा प्रयोगशाळेच्या पावत्या जपा.

आता आमच्या फायलींच्या दोन प्रती असतात. एक केंद्रात, माळ्यावर. दुसरी पुराच्या पट्ट्याबाहेर, दुसऱ्या गावात. दोन्हींना कुलूप, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या. महिन्यातून एकदा दुसरी प्रत खरंच उघडते का ते बघतो. गेल्या खेपेला पासवर्ड ठाऊक असलेल्या दोघींनाही तो आठवेना, अर्धा तास गेला. आता तो एका पाकिटात बंद करून तिसरीकडे दिलाय.