नक्को म्हणायचा हक्क

(लातूर येथे पालक आणि शिक्षकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी नांदेडहून आलोय. डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. शाळेत गणित शिकवत होतो, निवृत्त झालो आणि आता रोज संध्याकाळी बहिणीच्या मुलाजवळ बसतो. तो चौदा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. ऐकू चांगलं येतं, समजतं सगळं, पण ओठ आणि जीभ त्याचं ऐकत नाहीत. तुम्ही मला विषय दिलात ‘तंत्रज्ञान आणि दिव्यांग मुले’. विषय मोठा आहे. मी एका शब्दापासून सुरुवात करतो. तो शब्द म्हणजे नक्को.

बारा वर्षं आमच्या घरात सगळे त्याच्याशी बोलायचे आणि त्याच्या वतीनंही बोलायचे. “भूक लगी क्या रे? हौ, लगी.” प्रश्न आणि उत्तर एकाच तोंडातून. मीही तेच करायचो. मग जुन्या फोनवर चित्रांचं एक ॲप घातलं. चित्र दाबलं की फोन तो शब्द मोठ्यानं म्हणतो. आम्हाला वाटलं, पहिला शब्द ‘अम्मी’ असेल, नाहीतर ‘पानी’. पठ्ठ्यानं बोटाच्या सांध्यानं, धडपडत, नकाराचं बटण दाबलं. खिचडी? नाही. फुफूकडे जायचं? नाही. ती लोकरीची टोपी? नाही, नाही, नाही. तीन दिवस नुसतं नाही. बहीण रडायला लागली, म्हणाली, “भाईजान, हे यंत्र पोराला हट्टी बनवतंय.” मला वाटतं, बारा वर्षांचे नकार साठले होते ते. त्यातली टोपी तर मीच आणलेली होती!

पण ते ‘नाही’ बातम्यांतल्या बाईच्या आवाजातलं होतं. आमच्या घरात तसं कोणी बोलत नाही. आम्ही ‘नक्को’ म्हणतो. हा मराठीचाच ‘नको’, शेकडो वर्षांपूर्वी दखनीत गेला आणि थेट हैदराबादपर्यंत पोहोचला. मी बोर्डवर नवीन चित्र टाकलं आणि खाली देवनागरीत लिहिलं, नक्को. मराठी आवाजानं ते झकास म्हटलं. पोरगा इतका हसला की खुर्चीतून घसरायला आला. त्या दिवसापासून तो फोन त्याचा झाला, तोवर तो माझा होता.

साधनांची माहिती थोडक्यात देतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाखेत ‘जेलो’ नावाचं ॲप तयार झालं आहे. ते फुकट आहे आणि मराठीत बोलतं. कडेला सहा बटणं असतात: आवडतं, आवडत नाही, हो, नाही, जास्त, कमी. चित्र आणि बटण जुळवलं की वाक्य होतं. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी ‘आवाज’ काढलं, त्याला पैसे पडतात. ‘आवाज’ हा शब्द फारसीतून आला, मराठीनं घेतला, उर्दूनं घेतला, त्यावर भांडण नाही. फोन नसेल तर पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवा. पुठ्ठ्याची बॅटरी संपत नाही.

एक भीती प्रत्येक आई बोलून दाखवते. चित्रांची सवय लागली तर तो बोलायचा प्रयत्नच सोडेल का? यावरच्या संशोधनांचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नीट तपासता आलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनामुळे कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. तेव्हा ‘आधी तोंडानं बोलू दे, मग बघू’ म्हणत वर्षं घालवू नका. आमची गेली.

बोलण्याचं झालं, आता शिकण्याचं. तुमचं लातूर ‘लातूर पॅटर्न’साठी सगळ्या महाराष्ट्रात ओळखलं जातं. आता आमच्या नांदेडातही गल्लोगल्ली क्लास आहेत. या पॅटर्नमध्ये अंध मुलगी कुठं बसते? तिच्यासाठी संगणकावर एनव्हीडीए आहे. मायकल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी ते २००६ पासून उभं केलं. जगभर फुकट मिळतं आणि मराठी वाचतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं. म्हणजे वाचणारं यंत्र तिच्या हातात आहे. अडतं कुठं, तर आपण तिला देतो त्या कागदावर. क्लासच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सचा काढलेला फोटो. यंत्राच्या दृष्टीनं ते नुसतं चित्र. टाइप केलेलं असलं तरी जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत भलतीच अक्षरं असतात आणि यंत्र तीच अक्षरं वाचतं. ‘पेशी’ऐवजी तिच्या कानात कचरा पडतो.

उर्दू शाळांच्या शिक्षकांनी हसू नये. जुन्या इनपेजच्या फाइलींचा आजार तोच आहे. नस्तालीक सुंदर दिसावी म्हणून आपण पानंच्या पानं चित्र करून पाठवतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, एवढीच गोष्ट आहे. त्याला अनुदान लागत नाही, मंत्र्याची सही लागत नाही. ब्रेलबद्दलही एक सांगतो, कारण मदरशातल्या एका उस्तादांनी मला विचारलं होतं. ब्रेल उर्दू असो वा अरबी, डावीकडून उजवीकडे वाचतात. भारतातलं उर्दू ब्रेल मराठी ब्रेलच्याच कुळातलं, भारती ब्रेलचं आहे. ज्या मुलीला मराठी ब्रेल येतं तिला उर्दूची बरीचशी अक्षरं बोटांना आधीच ओळखीची असतात. डोळस मुलांना ही सोय नाही.

कायद्याचं सांगायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल, खुणांची भाषा आणि बोलण्याची पर्यायी साधनं येतात. कलम १७ म्हणतं की ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व प्रमाणित असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि सहाय्यक साधनं मोफत मिळावीत. तरी आमच्या पोराला एका शाळेनं सांगितलं, “मोबाइलला परवानगी नाही.” चष्म्याला होती. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, त्यांना फोन म्हणजे रील एवढंच दिसत होतं. मी कलमाची प्रत काढून नेली. दोन चकरा झाल्या, तिसऱ्या चकरेला परवानगी मिळाली.

आता जे बोलायला मला जड जातं ते. भगिनींनो, जरा पुढे सरका, मोठ्यानं बोलणार नाही. ज्या मुलाला ‘नको’ म्हणता येत नाही, ‘इथं दुखतं’ म्हणता येत नाही, कोणी हात लावला ते सांगता येत नाही, त्याच्याशी कोणीही काहीही करू शकतं. आणि करणाऱ्याला ते ठाऊक असतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यात तरतूद आहे की अपंग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याची संवादाची पद्धत जाणणाऱ्या माणसाची मदत घेता येते. पण पद्धतच तयार नसेल तर जाणणार कोण? म्हणून बोर्डवर जेवण, पाणी, टीव्ही एवढंच ठेवू नका. शरीराच्या सगळ्या अवयवांची चित्रं हवीत, सगळ्या म्हणजे सगळ्या. राग, भीती, ‘हा माणूस नको’ हेही हवं. आमच्या बहिणीनं लाजेनं ते पान सहा महिने टाळलं. मी मामा असून मलाही तिला ते सांगायला तितकेच दिवस लागले.

लातुरात मदत मागायला जागा आहे. ऑटिझम आणि बहुविकलांगतेसाठी ‘उमंग’ आहे, हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ आहे. वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिला नाव अली यावर जंग यांचं आहे, ते हैदराबादचे आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. पण नांदेडहून वांद्रे म्हणजे देवगिरीत एक रात्र. थेरपिस्ट महिन्यातून एक तास देईल, उरलेले तास घरचेच. त्या तासांत सगळ्यात अवघड काम थांबण्याचं आहे. आमचा पोरगा एक वाक्य करायला चाळीस सेकंद घेतो. घड्याळ लावून बघा, चाळीस सेकंद गप्प बसणं किती लांब असतं ते. पाहुणे पंधराव्या सेकंदाला म्हणतात, “पानी होना क्या बेटा?” आणि त्याचं वाक्य तिथंच मरतं.

चहानंतर आपण एक काम करणार आहोत. प्रत्येक घरानं आपले पन्नास शब्द लिहून काढायचे, दखनी, मराठी, उर्दू, लमाणी, जसे चुलीपुढे बोलता तसे. आजीला ज्या नावानं हाक मारता तेच नाव. भांडणातले दोन-चार शब्दही येऊ द्या, लहान भावाशी भांडायला लागतात ते. कागद पाठीमागच्या टेबलावर आहेत, आणि पोरं बरोबर असतील तर ‘नक्को’चं चित्र कसं असावं हे त्यांनाच निवडू द्या.