पाटीआधी भिंत पाहा

आखाजीला झोका बांधताना आपण आधी निंबाची फांदी पाहतो, दोर ओढून पाहतो, मगच पोरीला बसवतो. दुकानाची पाटी लावताना मात्र आम्ही भिंत पाहिलीच नाही. तीच गोष्ट आज सांगणार आहोत.

जळगावहून धुळ्याकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे आमचं गाव. गटातल्या आम्ही दहाजणींनी बिबडे, कुरडया, उडदाचे पापड आणि काळा मसाला विकायला रस्त्यावरची एक जुनी खोली भाड्याने घेतली. बचतीतून दहा फुटांची पाटी करून घेतली. गटाचं नाव पहिल्यांदाच रस्त्यावर दिसणार होतं! आखाजीच्या आदल्या दिवशी पाटी लागली. चौथ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा वारा सुटला आणि पाटीचं एक टोक गिलाव्यासकट निखळून ओट्यावर आदळलं. दोन मिनिटांपूर्वी तिथे एक मुलगी गोळ्या घेत उभी होती. शेजारच्या आजी धावत आल्या, "काय व्हयनं वं माय?" आमच्या तोंडून शब्द फुटेना.

नंतर एका जुन्या गवंडी भाऊंना बोलावलं. त्यांनी हातोडीने भिंत हळूच ठोकली. काही ठिकाणी आवाज भरीव आला, काही ठिकाणी पोकळ. वरून सिमेंटचा गिलावा, आत मातीत बांधलेल्या विटा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलतो, भिंतीला भेगा जातात, पोट येतं. आमच्या भिंतीला मधोमध असंच पोट होतं. लावणाऱ्याने स्क्रू आवळून सरळ फ्रेम त्या वाकड्या भिंतीला ओढून बसवली होती. फ्रेम ताणात राहिली आणि वाऱ्याचा झटका बसताच स्क्रू गिलाव्यातून सुटले.

भाऊंनी मग काम असं केलं. दोन टोकांना खिळे ठोकून भिंतीच्या पोटापुढून दोरी ताणली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं एका पातळीत आणली. मग दर फुटावर दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर मोजलं. मध्ये दोरी जवळजवळ टेकत होती, कडेला दोन बोटं जागा होती. ते म्हणाले, "ताई, भिंत वाकडी असू द्या. पाटी दोरीला धरून लावायची, भिंतीला नाही."

जिथे स्क्रू, तिथे त्या अंतराएवढं लोखंडी पट्टीचं पॅकिंग घातलं. लाकडाच्या ढलप्या घालू नका, त्या पाण्याने फुगतात आणि त्यांना वाळवी लागते. स्क्रू पॅकिंग घट्ट बसेल इतकाच आवळायचा, फ्रेम वाकेल इतका नाही. ड्रिल विटेच्या मधोमध मारायचं, सांध्यात नाही. मातीच्या भिंतीत नुसत्या प्लगवर भरवसा नको, म्हणून आमच्याकडे चार आरपार बोल्ट घातले आणि आतून लोखंडी पट्ट्या लावल्या. भिंत फारच कच्ची असेल तर पाटीचं वजन तिच्यावर टाकूच नका. ओट्यापुढे दोन पाईप जमिनीत काँक्रीटने रोवून पाटी त्यांवर बसवा.

आणखी दोन गोष्टी. फ्लेक्सची मोठी पाटी वाऱ्यात शिडासारखी फुगते, म्हणून ती गरजेपुरतीच मोठी करा. आणि विजेची तार जवळून जात असेल तर शिडी लावण्याआधीच थांबा, जागा बदला.

पाटी तर लावावीच लागते. २०२२ साली राज्याच्या कायद्यात झालेल्या बदलानंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरीत पाटी हवी, आणि ही अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. म्हणजे आपल्यासारख्या कितीतरी गटांच्या पाट्या लागतील.

म्हणून पैसे देण्याआधी लावणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. भिंत ठोकून पाहिली का? दोरी धरली का? स्क्रू कशात बसणार, विटेत की नुसत्या गिलाव्यात? "बायांना यातलं काय कळतं" असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. पाटीखाली आपलीच लेकरं उभी राहतात.

आमची पाटी आता दोन पावसाळे जागची हललेली नाही. तरीही दर आखाजीला झोका बांधायच्या आधी आम्ही तिचे बोल्ट हाताने हलवून पाहतो. तुम्हीही पाहा.