शेक घेण्याआधी दात दाखवा



तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्याविषयी आपल्या कार्यक्रमांत पुष्कळ बोलून झालं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दंतवैद्य म्हणून मला आज त्यापुढचं सांगायचं आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, म्हणजे आपण ज्याला शेक किंवा लाईट म्हणतो ते. रुग्ण घरी आला, घरच्यांना हायसं वाटलं. त्यानंतर त्याच्या तोंडात काय होतं, हे फार थोड्या घरांना आधी सांगितलेलं असतं.

निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा तिच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. लाळ घास ओला करते, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण खाल्ल्यावर तोंडात तयार होणारं आम्ल तीच मारते, दातांची झीज तीच भरून काढते, बुरशीला तीच आवर घालते.

शेक बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. या ग्रंथी किरणांच्या वाटेत येतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच लाळ कमी होते, उरते ती चिकट, तार धरणारी. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहतो. चव बहुतेकांना काही महिन्यांत बरीचशी परत येते. लाळेचं तसं नाही, काहींचं तोंड कायमचं कोरडं राहतं.

नव्या तंत्राने, आयएमआरटीने, किरण ग्रंथींपासून बरेच दूर ठेवता येतात. ब्रिटनमध्ये जुन्या आणि नव्या पद्धतीची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. वर्षभरानंतर तोंडाचा त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता, नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना. म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा, ‘लाळग्रंथी वाचवता येतील का?’ गाठच तिथे असेल तर ते नाही म्हणतील, आणि ते बरोबरच असेल.

लाळ गेली की दात हिरडीलगत, मुळाशी किडतात. काही महिन्यांत वरचा भाग तुटून पडतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही. दुखू लागलं की माणूस दात काढायला जातो. खरा धोका तिथे आहे. शेक बसलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, खालच्या जबड्याचा विशेष. काढलेल्या दाताची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, मरतं. शेक घेऊन दहा वर्षं झाली तरी हा धोका संपत नाही.

आणि आपण काय करतो? लपवतो. मुलीचं लग्न व्हायचंय, कॅन्सरचं नाव काढू नका! मग गल्लीतल्या दवाखान्यात खाला एवढंच सांगतात, ‘दाढ ठणकतेय, काढून टाका.’ त्या डॉक्टरला कळणार कसं? नातेवाइकांना सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. दात बघणाऱ्याला मात्र सांगितलंच पाहिजे, आणि रेडिएशनची फाइल सोबत न्यायला हवी.

त्याहून बरं म्हणजे शेक सुरू होण्याआधीच दात दाखवणं. जे वाचणार नाहीत ते दोन-तीन आठवडे आधी निघाले तर जखम भरायला वेळ मिळतो. त्यासाठी शेक पुढे ढकलायचा का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

नंतर जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल, डॉक्टरांनी लिहून दिलेली, रोज लावायची. वर्ष-दोन वर्षं नव्हे, आयुष्यभर. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खाण्याचा सोडा घालून गुळण्या. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको, त्याने कोरडेपणा वाढतो. तोंड सुकतं म्हणून गोळ्या-चॉकलेटं चघळू नका, बिनसाखरेचं च्युइंगम चालेल. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम शिकून घ्या. आणि दाढ दुखली म्हणून पुन्हा मिश्री? अजिबात नाही.

रमजानमध्ये एक प्रश्न हमखास येतो. अशा माणसाला दिवसभर घोट-घोट पाणी लागतं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत सूरह अल-बकरामध्येच दिलेली आहे. तेव्हा डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर घरच्यांनी आग्रह करू नये, टोमणे तर नकोतच.

कुणाच्या घरी असा पेशंट असेल, शेक व्हायचा असो की होऊन गेलेला असो, तर मी बाहेरच्या टेबलापाशी थांबते आहे. फाइल आणली असेल तर दाखवा.